टाच टेकली, पण टिकली नाही

प्रश्न : नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमच्या मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या अंगावरून सात महिन्यांपूर्वी वारं गेलं. वय ६८. डावी बाजू गेली होती. आता हात थोडा हलतो, काठी घेऊन घरात चालतात. पण डावं पाऊल आत वळतं, चवडा आधी टेकतो, टाच टेकतच नाही. पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात. चप्पल पायात राहत नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, रोज दोन वेळा तेल लावून पोटरी चोळतात आणि पायाची बोटं धरून वर ओढतात. मागच्या महिन्यात सांगलीला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्यांनी घोट्यामागून पट्टा लावला आणि मामांना गुडघा पुढे वाकवायला लावला. त्या दिवशी टाच टेकली! आम्ही सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा होतं तसंच. आता धाकट्या दिरांनी मोबाइलवर त्या व्यायामाचा व्हिडिओ बघितलाय, म्हणतात मी घरीच पट्टा लावतो. ह्यांचं म्हणणं, सहा महिने उलटले, आता जे आहे ते आहे. मामांना मात्र छाटणीला बागेत उभं राहायचंच आहे. काय करावं? आणि आत्या विचारतात, वाळूचा शेक दिला तर चालेल का?
– एक सून

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची बातमी तुम्ही एका ओळीत उरकलीत. त्या दिवशी टाच टेकली. घोटा कायमचा आखडला असता, तर पट्टा लावून काय आणि न लावून काय, टाच अधांतरीच राहिली असती. म्हणजे सांधा सुटू शकतो, एवढं नक्की झालं. मग टिकलं का नाही? तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज करते. सांगलीहून गाडीत बसून घरी आलात, दमले म्हणून मामा कॉटवर आडवे झाले, आणि पाऊल पुन्हा खाली लोंबलं. पुढचे दोन दिवस चालणं जुन्याच पद्धतीचं, चवड्यावर. मोकळ्या झालेल्या घोट्याला कुणी कामच दिलं नाही.

मामांचं पाऊल तीन कारणांनी अडतंय, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिलं, पाऊल वर उचलणारा नडगीवरचा स्नायू. त्याला मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही, म्हणून चवडा लोंबतो आणि फरशीला घासतो. दुसरं, पोटरीचा स्नायू. त्याच्यावरचा मेंदूचा लगाम सुटल्यामुळे तो सतत आवळलेला राहतो आणि पाऊल खाली व आत ओढतो. तिसरं, खुद्द सांधा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात, त्यांच्यामध्ये पावलाचं एक हाड अडकित्त्यात सुपारी धरावी तसं बसलेलं असतं. आपण पाऊल टाकून अंग पुढे नेतो, नडगी पावलावरून पुढे झुकते, तेव्हा हे हाड किंचित मागे सरकावं लागतं. महिनोन्‌महिने पाऊल खालीच राहिलं की आजूबाजूचे पडदे आक्रसतात आणि ते सरकणं बंद होतं. मग टाच उचलूनच पुढे जावं लागतं, नाहीतर गुडघा मागे ठोकला जातो.

तो पट्टा फक्त या तिसऱ्या कारणावरचा इलाज आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मुलिगन यांनी ही पद्धत रूढ केली. पट्टा घोट्याच्या जरा वर, मागच्या बाजूने घेतात आणि नडगी पुढे ओढतात. त्याच वेळी हाताने पावलाचं ते हाड मागे दाबून धरतात आणि पेशंटला सांगतात, गुडघा पुढे न्या, टाच उचलू नका. थेरपिस्टचा जोर आणि पेशंटची स्वतःची हालचाल एकाच वेळी, हे या पद्धतीचं मर्म. अर्धांगवायूच्या पेशंटवर याचे जे अभ्यास झालेत ते लहान लहान गटांवरचे आहेत, पण बऱ्यापैकी एकाच दिशेने बोलतात. काही आठवडे नेमाने केलं तर घोटा काही अंशांनी जास्त वाकतो, त्या पायावर भार जास्त पडतो, चाल थोडी सुधारते. काही अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण सपाट जमिनीवर नीट चालायला घोटा साधारण दहा अंश वर वाकावा लागतो. मामांसारख्या माणसाला चार-पाच अंशांनी टाच टेकणं आणि न टेकणं ठरतं.

आता तुमच्या यजमानांसाठी. हे अभ्यास बहुतेक ज्यांना झटका येऊन सहा महिन्यांच्या वर झाले होते अशाच लोकांवर केलेले आहेत. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेंदूकडून सगळ्यात झपाट्याने सुधारणा होते, हे खरं. त्यानंतर ती मंदावते, दार बंद होत नाही. शिवाय सांध्याचा ताठरपणा हा मेंदूचा हिशेबच नाही. तो सातव्या महिन्यात सुटतो, दोन वर्षांनीही काही प्रमाणात सुटतो. "आता जे आहे ते आहे" हे वाक्य पेशंटच्या कानावर रोज पडलं, तर मात्र चौथं कारण तयार होतं.

दीर भावजींना सांगा, हौस चांगली आहे, पण पट्टा नको. लुळ्या पायाची हाडं वापर कमी झाल्याने ठिसूळ होत जातात. त्या बाजूचं स्पर्शज्ञान बहुतेकदा कमी असतं, त्यामुळे दुखलं तरी मामा वेळेत ओरडणार नाहीत. आणि हे झटके बहुतेक रक्ताच्या गुठळीने येतात, त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. पट्टा चार बोटं वर सरकला, हात चुकीच्या हाडावर पडला, तर व्हिडिओतला माणूस काही मदतीला येत नाही. पट्टा थेरपिस्टच्या हातात राहू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान महिना दीड महिना. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवलंत तर खाजगीचा खर्च वाचेल. एसटीने जात असाल तर मामांना वयामुळे निम्मं तिकीट आणि तुम्हाला बाई म्हणून निम्मं. जाताना भावजींनाच सोबत न्या आणि थेरपिस्टला सांगा, पट्टा तुम्ही लावा, पण त्यानंतर मामांना चालवायचं काम यांच्याकडून करून घ्या. पट्टा काढल्या काढल्या तिथेच पंधरा मिनिटं टाच टेकवत चालवून घेतलं पाहिजे. ते न होता पेशंटला खुर्चीत बसवलं तर पुढच्या वेळी स्पष्ट मागा. यात संकोच कसला!

खरा खेळ घरी आहे, आणि तो बराचसा आत्यांच्या हातात आहे. त्यांचं चोळणं बंद करू नका. सात महिने एक बाई दोन वेळ नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसते, त्याला नावं ठेवण्याचं धाडस मी करणार नाही. तेलाने स्नायू आखडण्याचा मूळ दोष जात नाही, पण अंग सैल होतं, माणूस निवांत होतो. फक्त पाच मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ मी सांगते त्याला द्या. (कुणी कबुतराचं रक्त चोळायला सुचवलं असेल, तर ते कबुतरालाही नको आणि मामांनाही नको.)

बोटं धरून ओढणं मात्र आजपासून बंद. चवड्याला धरून वर ओढलं की पाऊल मधूनच मोडल्यासारखं वाकतं. बघणाऱ्याला वाटतं घोटा वाकला, पण टाच होती तिथेच असते. वरून बोटांना ताण बसला की आवळलेली पोटरी आणखी चिडते. त्याऐवजी असं करा. मामा पाठीवर झोपलेले. तुमच्या एका हाताच्या ओंजळीत त्यांची टाच, बोटं मागून टाचेला घट्ट धरून. त्यांचा तळवा तुमच्याच मनगटाच्या वरच्या भागावर टेकलेला. आता टाच स्वतःकडे खाली ओढा आणि त्याच वेळी अंग पुढे झुकवा, म्हणजे हाताने चवडा आपोआप वर जाईल. जोर दंडाचा नको, अंगाचा हवा. सावकाश, तीस सेकंद धरायचं, सैल सोडायचं, पाच वेळा. आधी गुडघा सरळ ठेवून, मग गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी घेऊन. पोटरीत दोन स्नायू असतात. एक गुडघ्याच्या वरून सुरू होतो, दुसरा खालून. म्हणून दोन्ही प्रकारे करायचं. मध्येच पाय थडथड उडायला लागला तर घाबरू नका, जोर कमी करा, थांबा, थांबल्यावर पुन्हा हळू सुरू करा. झटक्याने ओढलं की पाय उडतोच.

पण हे झालं तयारीचं. नुसत्या ताणावर विसंबू नका. आखडलेल्या सांध्यांवर ताण देण्याच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला, त्यात मेंदूच्या आजारांतही नुसत्या ताणाने सांध्याच्या हालचालीत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही असंच निघालं. ताण दिल्यावर लगेच त्याच घोट्यावर अंगाचा भार पडला पाहिजे. तुमच्या आत्या सात महिने जे करताहेत आणि फळ मिळत नाही, त्याचं कारण हेच. सगळं झोपवून चाललंय.

तेव्हा ताण झाला की मामांना उठवून लाकडी खुर्चीत बसवा. प्लास्टिकची नको, ती सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला लावा. चांगला उजवा पाय थोडा पुढे, डावा मागे, गुडघ्यापेक्षा जरा खुर्चीकडे. डावी टाच जमिनीवर. आता उठायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकून. उठताना टाच उचलली जात असेल, तर समोर बसून तुम्ही गुडघ्यावर एक हात ठेवा आणि दुसऱ्याने टाचेवर हलका दाब द्या. पाय मागे असल्यामुळे भार डाव्या पायावर जातो आणि घोटा वाकतो. दहा वेळा उठायचं, तेही सावकाश. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा झालं तरी पुरे. माणूस खुर्चीतून दिवसातून कितीतरी वेळा उठतो, चहाला, जेवायला, लघवीला. प्रत्येक उठणं असंच करायला लावलंत तर वेगळा वेळ काढायलाच नको. शेतकऱ्याच्या घरात "व्यायाम" म्हटलं की चेहरे पडतात. उठणं म्हटलं की चालतं.

दुसरं, पाटावरचं. स्वयंपाकघरातला ओटा किंवा खिडकीचा गज मामांच्या उजव्या हाताशी यावा असं उभं करा. खाली जेवायला घेतो तो लाकडी पाट, खाली ओलं फडकं पसरून, म्हणजे सरकणार नाही. डावं पाऊल पाटावर, उजवं जमिनीवर. भावजी डाव्या बाजूला, मामांच्या कमरेला बांधलेला जाड कापडी पट्टा हातात धरून. आता डावा गुडघा पुढे न्यायचा, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, टाच पाटाला चिकटलेली. जिथे टाच सुटायला लागते त्याच्या अलीकडे थांबायचं, पाच मोजायचे, मागे. पावलाची बाहेरची कड उचलली जाऊन घोटा वळायला लागला तर तिथेच सोडून द्या, वळलेल्या पावलावर जोर देऊन उपयोग नाही. सांगलीत पट्टा लावून जे करून घेतलं त्याचंच हे बिनपट्ट्याचं रूप आहे. सुरू करण्याआधी एकदा तुमच्या थेरपिस्टसमोर करून दाखवा.

नडगीच्या स्नायूसाठी बसून करा. टाच जमिनीवर ठेवून दोन्ही चवडे एकदम वर, डाव्याकडे बघत. नुसती हालचालीची लहर दिसली तरी ती मोलाची. उचलताना अंगठ्याकडची कड वर येते आणि पाऊल आत वळतं, म्हणून मामांना सांगायचं, "करंगळी उचला." थेरपिस्ट करंट लावत असतील तर मशीनवर सोडून मामांनी टीव्ही बघत पडू नये. करंट लागतो त्याच क्षणी आपणही उचलायचं.

हे सगळं कमी-जास्त होतंय का ते डोळ्यांनी कळत नाही, आणि घरच्यांना तर नाहीच. त्यासाठी भिंतीसमोर खडूने रेघ मारा. मामा खुर्चीत बसलेले, समोर भिंत, डावं पाऊल भिंतीकडे, टाच टेकलेली. गुडघा भिंतीला लागेल एवढं पुढे न्यायचं. लागला तर पाऊल बोटभर मागे घ्या, परत. टाच न उचलता गुडघा लागतो अशी सगळ्यात लांबची जागा सापडली की अंगठ्यासमोर खडूची खूण, आणि शिंप्याच्या टेपने भिंतीपासूनचं अंतर. उजव्याचंही घ्या. दर पंधरा दिवसांनी, सकाळच्या एकाच वेळी. कॅलेंडरवर लिहून ठेवा. थेरपिस्टकडे जाताना ते कॅलेंडरचं पान फाडून न्या.

चपलेचं. अंगठ्यात धरायची चप्पल मामांनी सोडावी, ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि तीच तर आवळून बसली आहेत. मागून पट्टा असलेली सँडल, जमल्यास चिकटपट्टीची, एका हाताने लागेल अशी. डॉक्टरांनी पायात घालायचा प्लास्टिकचा स्प्लिंट सुचवला तर नाही म्हणू नका. लोकांना वाटतं, स्प्लिंट लावला म्हणजे हरलो. चवडा न घासता बाहेर चालता आलं तर चालणं वाढतं, पडणं कमी होतं. घरातले वरचे व्यायाम मात्र स्प्लिंट काढून. सुरुवातीला अर्ध्या तासाने काढून कातडी बघा. लाल डाग वीस-पंचवीस मिनिटांत गेला नाही तर तो स्प्लिंट घासून घ्यावा लागेल. मामांना साखर असेल तर हे दुप्पट काळजीने.

पाय एखाद्या आठवड्यात अचानक जास्त ताठ झाला तर व्यायाम वाढवू नका, कारण शोधा. बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, अंगठ्याचं नख आत रुतणं, कुठेतरी फोड, कडाक्याची थंडी, यातलं काहीही पोटरीला चिडवतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला, निघतं नख. एवढं करूनही पाऊल वळतच राहिलं, तर मेंदूविकार तज्ज्ञांना बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पोटरीत देतात, असर साधारण तीन-चार महिने राहतो, स्वस्त नाही. दिल्यानंतरच्या त्याच महिन्यांत व्यायाम जोरात झाला तरच पैसे वसूल. ताठरपणा कमी करायच्या गोळ्याही असतात, पण त्यांनी गुंगी येते आणि अंगही ढिलं पडतं, म्हणून आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

दोन प्रसंगी पाय चोळायचा नाही, ताणायचा नाही, थेट डॉक्टर गाठायचे. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात एकदम गळाला, तर १०८ ला फोन. गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून आधी देवाला नारळ, मग दवाखाना हा क्रम त्या दिवशी उलटा.

बागेचं म्हणाल, तर मी त्यांना अडवणार नाही. व्यायामापेक्षा माणूस बागेसाठी जास्त मेहनत घेतो. पण आत्ता पावसाळ्यात नको. चिखलात पाऊल रुतलं की उचलता येणार नाही. पाऊस उघडून वाफसा आला की सुरुवात करा, आधी गाडीवाटेपर्यंत, नंतर बागेच्या कडेने, सरीत सगळ्यात शेवटी. ढेकळांवर पाऊल आत मुरगळतं, म्हणून स्प्लिंट आणि सँडल घालूनच. काठी उजव्या हातात, सोबतीचा माणूस डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे. बांध चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. ठिबकच्या नळ्या डाव्या बाजूला असतील तर आधीच बोलून दाखवा, डाव्या अंगाच्या झटक्यात काही जणांचं त्या बाजूकडे लक्षच जात नाही. छाटणीच्या वेळी दर वीस मिनिटांनी बसायला बागेत एक खुर्ची असू द्या, आणि कात्री अर्थातच दुसऱ्याच्या हातात.

आत्यांचा प्रश्न राहिला. वाळूचा शेक नको. तापलेल्या वाळूचा चटका ज्या पायाला कळत नाही त्याला फोड आल्यावरच समजतं, आणि साखर असली तर तो फोड महिनाभर भरत नाही. ऊब हवीच असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल, दहा मिनिटं, पोटरीवर. तो आधी आत्यांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावा, मग मामांच्या उजव्या पायाला, आणि त्यांनी "चालेल" म्हटल्यावरच डाव्याला. शेक झाल्यावर लगेच टाचेचा ताण, आणि ताण झाला की खुर्ची.